एकोणीस इंची हौस

"रबर मऊ हाय," मामा म्हणाले. मंडईत वांगं दाबून बघावं तसा त्यांनी टायर दोन बोटांनी दाबला. "साधा टायर थंडीत दगड होतोय. ह्यो होणार न्हाई. हेच घ्या जावईबापू."

दुकानाचा मालक ड्वेन याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो जोरजोरात मान हलवत होता. अर्ध्या तासापूर्वी मामांनी त्याच्या यंत्रावरचा एक टायर हातानं फिरवून "बॅलन्स आऊट" एवढंच म्हटलं होतं आणि ते खरं निघालं होतं. तेव्हापासून ड्वेन माझ्याशी बोलतानासुद्धा मामांकडे बघत होता.

"मामा, प्रश्न टायरचा नाही, रिमचा आहे," मी समजूतदारपणे म्हणालो. "हे सतरा इंची दाखवतायत. माझ्या गाडीला एकोणीस आहेत."

"मग?"

"मग काय! एवढी स्पोर्ट्‌स सेडान, आणि खाली ही एवढीशी चाकं. शेरवानीखाली रबरी चप्पल घातल्यासारखं दिसेल ते."

मामांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बर्फात कोण बघणार हाय चप्पल?" ते म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकर सूर्यवंशी. एसटीच्या मिरज आगारात टायर सेक्शनला चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर मुलीकडे सहा महिने राहायला म्हणून कॅल्गरीला आले होते. मुलगी म्हणजे माझी बायको राजश्री. आणि मी श्रीरंग दाभोळे, सॉफ्टवेअरवाला. आयुष्यात एकही चाक न बदलता टायर या विषयावर तीन आठवड्यांत अधिकारवाणी कमावलेला माणूस. माझ्याकडे तक्ता होता. चौदा रकाने, बावीस टायर, प्रत्येकाला गुण. बर्फावरची पकड, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक, आवाज, आणि 'एकूण रुबाब' नावाचा एक रकाना. त्या रकान्याला मी गुपचूप दुप्पट वजन दिलं होतं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे बर्फ पडायच्या आत गाडीचे नेहमीचे टायर काढून हिवाळी चढवावे लागतात. शहाणी माणसं त्यासाठी लहान रिमचा वेगळा सेट घेतात. रिम लहान म्हणजे टायर जाड. जाड आणि अरुंद टायर बर्फ कापत जातो, खड्ड्यात गेला तरी रिम वाकत नाही. हे ड्वेननं मला सांगितलं, माझ्या तक्त्यानंही सांगितलं होतं, आणि मामांनी तर न वाचताच सांगितलं.

बरं, गाडी चालवणार कोण होतं? मी नव्हे. मी घरी बसून, खाली पायजमा आणि वर इस्त्रीचा शर्ट घालून काम करायचो. गाडी माझ्या नावावर होती आणि चालवायची राजश्री. तीन वर्षं परीक्षा देऊन, भारतातली नर्सिंगची पदवी तिथल्या लोकांच्या गळी उतरवून तिला नोकरी लागली होती. सत्तर किलोमीटरवरच्या एका लहान गावच्या इस्पितळात, डायलिसिस विभागात. सकाळी आठला पेशंट खुर्चीत बसलेले असायचे. प्रोबेशन संपायला पाच आठवडे होते आणि तिचं एकदा उशिरा पोहोचून झालं होतं. रोज ती मला एकच वाक्य ऐकवायची.

"श्रीरंग, बर्फ पडायच्या आत टायर बसव. कुठलेही बसव, पण बसव."

कुठलेही! मला त्या शब्दाचा फार राग यायचा.

"एका तासात बसवून देतो," ड्वेन म्हणाला. "सतरा इंची, याच गाडीसाठी बनवलेले. सोमवारपासून बर्फ सांगितलाय."

"विचार करतो," मी म्हणालो.

विचार मी आधीच केला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगेलासा इसम एकोणीस इंची काळे कुळकुळीत रिम विकत होता, हिवाळी टायर चढवलेले, जवळजवळ नवे. ते दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीचे होते. पण भोकं पाचच होती, दोन भोकांमधलं अंतरही तेच. दुपारी तीनला ते चारही आमच्या गॅरेजसमोर उतरलेले होते, मी बाह्या सरसावल्या होत्या आणि डिकीतला जॅक आणि चाकाचा पाना बाहेर काढला होता.

मामा शिंप्याकडे कापड बघावं तसे एकेक रिम उचलून बघत होते. एका रिमच्या मधल्या मोठ्या भोकात त्यांनी हात घातला, मग जुनं चाक काढून उघड्या पडलेल्या हबवरून, चाक जिथे बसतं त्या गोल तबकडीवरून, अंगठा फिरवला.

"जावईबापू, हे चाक तुमच्या गाडीचं न्हाई."

"बसतंय की, मामा. पाचही बोल्ट बसतात."

"बोल्ट बसत्यात. चाक बसत न्हाई. मधलं भोक मोठं हाय. चाकानं हबवर बसायचं असतंय, हे बोल्टवर लटकणार. हादरं बसलं की बोल्ट ढिलं होत्यात." त्यांनी बोटानं कडी दाखवली. "मधी रिंग पायजे. त्या दुकानात मिळंल. पाचला बंद होतंय म्हणाला न्हवं त्यो?"

आता पाहा. सव्वातीन वाजले होते. दुकान पंधरा मिनिटांवर होतं. रिंग म्हणजे प्लास्टिकच्या चार कड्या, पिझ्झ्याच्या किमतीच्या. पण त्या आणायच्या म्हणजे ड्वेनसमोर हे रिम कबूल करायचे, आणि त्याहून वाईट म्हणजे मामांचं खरं होतं हे कबूल करायचं. चौदा रकान्यांत मधल्या भोकाचा रकाना नव्हता.

"मामा," मी हसत म्हणालो, "ही एसटी नाही."

मामा हात पुसून बाजूला उभे राहिले. चौतीस वर्षं त्या माणसानं ढिल्या चाकाची एकही गाडी आगाराबाहेर सोडली नव्हती, असं राजश्री लग्नाच्या आधीपासून सांगायची. एकदा म्हणे डेपो मॅनेजर ओरडत असताना हे महाशय गाडीसमोर आडवे उभे राहिले होते. पण तो डेपो मॅनेजर होता. मी जावई होतो. मिरजेकडे जावयाच्या घरात जावयाला दोनदा सांगत नाहीत.

संध्याकाळी नवरात्राच्या कार्यक्रमाला तिथल्या मराठी मंडळात गेलो. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. पार्किंगमध्ये दोघांनी गाडीकडे वळून पाहिलं, एकानं शिट्टी मारली. मी पायावर पाय टाकून कुंपणाला टेकून असा उभा राहिलो की फोटोत रिम यावेत. येताना स्टिअरिंगला बारीक कंप जाणवत होता. राजश्री म्हणाली, "काहीतरी घरघरतंय."

"हिवाळी टायर आहेत, आवाज करणारच," मी म्हणालो. आवाजाच्या रकान्यात मी या टायरला दहापैकी आठ दिले होते, हे तिला माहीत नव्हतं.

मागच्या सीटवर मामा डोळे मिटून बसले होते. "चाक बोलायलंय," एवढंच ते म्हणाले, तेही खिडकीला.

दुसऱ्या दिवशी रविवार, खंडेनवमी. सकाळी चहा पितानाच मामांनी विषय काढला. वेगळ्या वाटेनं काढला, बिचाऱ्यांनी.

"नवीन चाक बसवल्यावर पन्नास किलोमीटरनं बोल्ट परत आवळायचं असत्यात. एसटी असू दे न्हाईतर इमान. पाना द्या, मी आवळतो. पाच मिनटाचं काम हाय."

आणि तिथे मला धर्म आठवला.

इथे सांगायला हवं की मी देवाधर्माची वर्षभर टिंगल करणारा माणूस. गणपतीत आरतीला उशिरा येणारा, सत्यनारायणाला फक्त शिऱ्यापुरता बसणारा. पण पाना फिरवायचा म्हणजे बोल्ट किती सैल झालेत ते दिसणार. मामा काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसणार, आणि राजश्री तो चेहरा वाचणार. म्हणून मी कप खाली ठेवला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालो, "मामा, आज खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा. पाना मी पूजेत ठेवणार आहे. उद्या दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

राजश्रीनं वळून माझ्याकडे असं पाहिलं की मला लाजच वाटायला हवी होती. इतकी खूश ती कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

"खरंच ठेवणारेस? अण्णा, बघितलंत? तुमच्यामुळे हा सुधारला!"

मामा चहाच्या कपात बघत होते. "आगारात आमी मोडका पाना पूजेला ठेवायचो," ते हळूच म्हणाले. "चालता पाना कामावर. गाड्या कुठं बंद ठेवायच्या?"

"ते आगारात," मी म्हणालो. "घरात रीतीनं व्हायला हवं."

काय माणूस होतो मी! पाट मांडला, वर लाल कापड घातलं. त्यावर विळी, कात्री, राजश्रीचा स्टेथोस्कोप, माझा लॅपटॉप आणि मधोमध चाकाचा पाना. राजश्रीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मामांनी हात जोडले. त्यांनी काय मागितलं ते मला अजून ठाऊक नाही, पण त्यांचे डोळे बराच वेळ मिटलेले होते.

सोमवारी, दसऱ्याच्या पहाटे, सगळा रस्ता पांढरा होता. हवामानवाल्यांचं एरवी कधी खरं होत नाही. राजश्री सहाला निघाली. पाटावरचा स्टेथोस्कोप तिनं नमस्कार करून उचलला.

"कामाचं हत्यार आहे, देवी रागावणार नाही," ती म्हणाली.

मामा स्वेटरवर स्वेटर घालून दारात आले होते. "हळू जा," ते म्हणाले. "लई हळू जा. काय वाटलं तर लगेच थांबव, पोरी. गाडीत काय बी येगळं वाटलं तर."

"अण्णा, तीन हिवाळे झाले मला इथे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभर, दोन क्षण. मला पुरेपूर कळलं ते काय विचारतायत.

"हो, हळू जा," मी उदारपणे म्हणालो.

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना घरचा फोन वाजला. मी उचलला.

"अण्णांना दे," राजश्री म्हणाली. मागून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"काय झालं? मला सांग ना."

"अण्णांना दे, श्रीरंग."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी फोन दिला. मामा दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभे राहिले. तिचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, त्यांचं तेवढं येत होतं.

"कुठलं? डावं मागचं... गाडी पूर्ण कडंला हाय न्हवं? रस्त्याच्या अंगाला उभी राहू नगंस... किती बोल्ट हायत? तीन? दोन गळलं? राहिल्याली बोटानं फिरत्यात? बोटानं?... न्हाई, चालवायची न्हाई. एक फूट बी न्हाई. पाना..."

मामा थांबले. आम्ही दोघांनीही एकदमच पाटाकडे पाहिलं. पाना झेंडूच्या माळेत पडला होता, कपाळभर कुंकू लावून.

"न्हाई, डिकीत न्हाई," मामा म्हणाले. "घरात हाय."

दुसरी गाडी आमच्याकडे नव्हती, टॅक्सी म्हणे दोन तास येणार नव्हती. राजश्री उणे नऊ अंशांत, इंजिन बंद करून, रस्त्यापासून दूर बर्फात पन्नास मिनिटं उभी राहिली. गाडीत बसायचं नाही असं मामांनीच तिला सांगितलं होतं. मग गाडी ओढून नेणारा ट्रक आला. त्या पन्नास मिनिटांत मामा खिडकीपाशी उभे होते. मी तीनदा चहा केला. कुणीच प्यायलं नाही.

ती अकराला कामावर पोहोचली. तिच्या वाटचे दोन पेशंट तोवर तसेच बसून होते. सुपरवायझरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जीव वाचला म्हणून देवाचे आभार मानले आणि प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा गाडीच्या खाली सतरा इंची चाकं होती, साधी, चंदेरी. ट्रकवाला गाडी ड्वेनकडे घेऊन गेला होता. ड्वेननं फोनवर विचारलं, "कुठली हवीत?" आणि ही म्हणाली, "जी निघून पडत नाहीत ती." मला तीन आठवडे लागले होते त्या निर्णयाला तिला पाच शब्द लागले.

मी स्वयंपाकघरात श्रीखंडासाठी चक्का चाळणीतून काढत होतो. पश्चात्तापाच्या वेळी मी फार कामसू होतो. मामा टेबलाशी बसले होते. राजश्रीनं कोटसुद्धा काढला नाही.

"ड्वेन म्हणाला, रिम दुसऱ्या गाडीचे होते. मधलं भोक मोठं. म्हणाला, ज्याला चाकातलं कळतं त्याला हे बघताक्षणी कळतं." मग ती मामांकडे वळली. "अण्णा, तुमच्या डोळ्यांसमोर बसवलं ना यानं?"

"व्हय."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

चाळणीवरचा माझा हात थांबला. आता सांगून टाकावं, असं मला खरंच वाटलं. मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, पाना मी मुद्दाम पूजेत ठेवला. सांगायला चार वाक्यं होती. पहिलं जिभेवर आलंही.

"दिसलं असंल," मामा म्हणाले. "ध्यानात राहिलं न्हाई गं. ह्यांना सांगायचं ठरवलं हुतं, इसरलो."

"विसरलात? तुम्ही?"

"वय झालं की आता."

राजश्री त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिच्या रागाची वाट बघत होतो, पण राग आला नाही. तिचे डोळे भरून आले. ती वाकली, बापाच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि म्हणाली, "असू दे अण्णा. होतं असं."

आणि मी चक्का चाळत राहिलो.

नंतर सोनं दिलं-घेतलं. आपट्याची पानं तिथे कुठली, मंडळात मेपलची वाटली होती. मी मामांच्या हातात पान ठेवलं आणि पाया पडलो. वाकल्यावाकल्या म्हणालो, "मामा, असं का सांगितलंत?"

"तिला रोज तुमच्यासंगं राहायचंय," ते तितक्याच हळू म्हणाले. "माझ्यासंगं न्हाई." मग मोठ्यानं, राजश्रीला ऐकू जाईल असं, "सोन्यासारखं राहा!"

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. एका म्हाताऱ्यानं मोठ्या मनानं थोडंसं खोटं बोलून जावयाला वाचवलं, संपलं. हिवाळ्यात मी सतरा इंची चाकांवरून बाजारात जायचो आणि अगदी उजळ माथ्यानं जायचो.

राजश्रीनं मात्र दुसऱ्याच दिवशी मिरजेला भावाला फोन केला होता. "प्रतापदादा, अण्णा विसरायला लागलेत. लक्ष ठेव." मामा मार्चमध्ये परत गेले तेव्हा प्रताप लक्ष ठेवायला तयार होता. मामांनी चष्मा शोधला की लक्ष. चहात साखर दोनदा घातली की लक्ष. मेमध्ये त्यानं त्यांना सांगलीच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मामांनी शून्याच्या जवळ जाईपर्यंत वजा केले. डॉक्टर म्हणाले, "आत्ता तरी ठीक आहे, पण सुरुवातीला असंच असतं." जूनमध्ये प्रतापनं त्यांची स्कूटर विकली. त्या स्कूटरवरून मामा रोज चारला आगाराच्या गेटपर्यंत जायचे, जुन्या मंडळींशी गप्पा मारायचे, कुणाच्या बसचं चाक डोळ्यांनी बघून यायचे. ते बंद झालं.

मी फोन केला तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी ते म्हणतील, जावईबापू, सांगून टाका. मी वाट बघत होतो त्या वाक्याची. खरं तर मला ते न ऐकता सांगता आलं असतं.

"पोरानं बरंच केलं," मामा म्हणाले. "रहदारी लई वाढल्या. तुमची चाकं कशी हायत?"

"चांगली आहेत, मामा."

"आवळत जावा अधनंमधनं."

सहा वर्षांनी ते गेले. शेवटच्या दिवशीही त्यांनी प्रतापच्या मुलाला कुठल्या साली कुठल्या मार्गावर कुठली गाडी होती ते नंबरासकट सांगितलं होतं. त्या घरात त्याला भ्रम म्हणाले.

तेराव्याला आम्ही मिरजेत होतो. माणसं येत होती, बसत होती, मामांबद्दल बोलत होती. राजश्री माझ्या शेजारी बसली होती. कुणीतरी विचारलं, विसरणं कधी सुरू झालं?

"कॅनडात," ती म्हणाली. "माझ्याकडेच सुरू झालं. दसऱ्याचा दिवस होता, अजून आठवतो मला. चौतीस वर्षांत ढिलं चाक सोडलं नव्हतं अण्णांनी, आणि माझ्याच गाडीचं विसरले. तेव्हाच मी ओळखलं." मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "यालाही विचारा, हा होता तिथे. हो ना रे?"

"हो," मी म्हणालो.